तोताराम दाजींचा विमानतळ

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान तोताराम दाजी चोपड्याजवळचे केळी-कापसाचे शेतकरी. माणूस लाखात एक, पण मदतीला निघाला की आवरणं कठीण. शेजारणीचं मांजर विहिरीत पडलं, तेव्हा यांनी विहीर उपसायला पंप लावला. मांजर टोपलीत बसून कधीच वर आलं होतं, पंप मात्र संध्याकाळपर्यंत चालूच.

अशा माणसाची लेक वैमानिक व्हायला निघाली! नूतन जळगावला विमान शिकायला लागल्यापासून दाजी घराबाहेर पडताना आधी आभाळ बघत, मग चपला शोधत. डोक्यावरून घार गेली तरी हात हलवायचे.

नूतन पहिल्या सुट्टीला आली आणि माझ्या बहिणीनं, कुंदा अक्कानं, तिला ताटावरच धरलं.

"एकच इंजिन शे? आनि ते बंद पडनं ते?"

"अगं आई, म्हणून तर नियम आहेत," नूतन म्हणाली. तिनं पापड उचलला आणि वाट्यांवरून फिरवू लागली. वाट्या म्हणजे जळगाव शहर. "गावावरून जाताना सगळ्यात उंच इमारतीच्या निदान हजार फूट वर राहायचं. एक इंजिनवालं विमान त्याहूनही वर, इतकं की इंजिन बंद पडलं तरी तरंगत तरंगत वस्तीबाहेर मोकळ्या जागेत उतरता यावं." पापड भाताला वळसा घालून ताटाच्या कडेला उतरला. "परीक्षेत तर परीक्षक मुद्दाम इंजिनाचा जोर काढून घेतो आणि म्हणतो, दाखव आता कुठं उतरशील. खरं उतरायचं नसतं. अगदी खाली गेलो की जोर देऊन पुन्हा वर."

मी भुसावळला रेल्वेत गार्ड होतो. नियम ऐकला की मला झोप चांगली लागते. माझा जीव भांड्यात पडला. दाजींनी मात्र एवढ्या बोलण्यातले दोनच शब्द उचलले, मोकळी जागा.

माघात नूतनची शेवटची परीक्षा लागली, तीही चोपड्याच्या बाजूच्या आभाळात. पास झाली तर लायसन, नापास झाली तर पुन्हा किती महिने थांबायचं कोण जाणे. पोरगी रात्रंदिवस अभ्यास करत होती. इकडे दाजींनी कापसाची पऱ्हाटी उपटली, ढेकळं फोडली, वावरावर रोलर फिरवला आणि मधोमध चुन्याचा भलामोठा 'एच' काढला. निवडणुकीत पुढाऱ्यांचं हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा असाच काढतात, हे साऱ्या गावानं पाहिलेलं.

मी वैतागलो. "दाजी, हे हेलिकॉप्टर नाही. आणि ती उतरणार नाही, नुसती परीक्षा आहे!"

"ऱ्हाऊ द्या हो भाऊ. उतरनी ते जागा नको का?"

एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! आमच्या खानदेशात थंडीत वावरात चार माणसं जमली की भरीत व्हायलाच हवं. परीक्षेच्या दिवशी यांनी गावजेवण ठेवलं. काड्यांच्या जाळावर वांगी फुटत होती, पुऱ्या फुगत होत्या, आणि बायकापोरांसह आख्खा गाव, आमच्या बोलीत बठ्ठा, दाजींच्या विमानतळावर उभा होता. शेजारच्या वावराचा मालक वना तेवढा एकटा पलीकडे आपल्या बांधावर बसून राहिला. बांधावरूनच दाजींचं आणि त्याचं बोलणं बंद होतं. त्याचं वावरही रिकामंच होतं.

तेवढ्यात घरघर आली. "वनी, वनी!" म्हणजे आली, आली, करून पोरं नाचायला लागली. पांढरं विमान डोक्यावर आलं आणि एकाएकी आवाज बसला.

नूतननं सगळं समजावून सांगितलेलं असूनही मी रामरक्षा पुटपुटायला लागलो. अक्कानं माझा दंड असा आवळला की बोटांचे वळ उठले. विमान वळलं, नाक खाली करून सरळ आमच्याकडे यायला लागलं. दाजींनी उपरणं सोडलं आणि ते दोन्ही हातांनी फिरवत ओरडायला लागले, "ये बेटा, ये!" अशा वेळी शहाण्या माणसांनी बाजूला व्हावं की नाही? आमची माणसं नीट दिसावं म्हणून उलट 'एच'वरच धावली. खोटं कशाला बोलू, मीही धावलो.

विमानानं एक पंख कलता केला. आमच्याकडे पाठ फिरवून ते थेट वनाच्या वावरावर गेलं, खाली, आणखी खाली, आणि मग इंजिन गरजलं. बघता बघता ते सातपुड्याच्या बाजूला ठिपका झालं. आम्ही टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. पोरं त्याच्यामागं पार केळीच्या बागेपर्यंत पळाली.

दाजी तेवढे हिरमुसले. त्यात वना कपडे झटकत, छाती काढून बांध ओलांडून आला. "काय तोताराम, शेवटी माझंच वावर पसंत पडलं ना तुझ्या पोरीला?" दाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अक्कानं मात्र वनाला पंगतीत बसवलं.

पंगत उठायच्या आत नूतनचा फोन आला. पास! अक्का रडायलाच लागली. दाजींनी फोन हिसकावून घेतला. आनंद बाजूला, यांचा राग आधी.

"इतला दिवस मी वावर सपाट करं, आनि तू वनाना वावरमा कसाले गयी?"

फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्यांनी ऐकलं. पलीकडून नूतन म्हणाली,

"आबा, वळले होते मी आपल्याच वावराकडे. पण तठे तुम्ही बठ्ठा उभा व्हतात ना."

दाजींचा हात खाली आला. त्यांनी एकदा त्या 'एच'कडे बघितलं, तिथं अजून पंगत बसली होती, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, अक्का. मग ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, आणि रडता रडताच हसत ओरडले, "अरे, उठा रे बठ्ठा अठून! उठा!"