फुकटची अकरा सॉफ्टवेअर

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आमचे भाऊ गिऱ्हाइकाला टोमणा मारल्याशिवाय कामाला हात लावत नसत. एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर जाहिरातींनी नुसता उच्छाद मांडला होता.

"फुकट ते पौष्टिक, दुसरं काय," भाऊ म्हणाले.

"आमचे हे वापरायचे. गेल्या महिन्यात गेले," बाई म्हणाल्या.

भाऊंनी कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची यादी उघडली. मरायच्या आधीच्या आठवड्यात नवऱ्याने फुकटची अकरा सॉफ्टवेअर उतरवली होती, आणि त्यांच्याबरोबर ही घाण आत शिरली होती. अकराही एकाच कामाची होती, पुसलेले फोटो परत मिळवायची.

"कुठले फोटो शोधत होते?"

बाईंनी ती यादी पुन्हा एकदा वाचली. "आमच्या गेलेल्या लेकीचे. माझ्याच हातून पुसले गेले. मी ह्यांना कधी कळू दिलं नव्हतं."