बदली पीठ

नवऱ्याने कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि करंजाड्यात पिठाची गिरणी टाकली. आता गिरणी म्हणजे दळण घ्यायचं, दळायचं, द्यायचं. पण आमचे हे पडले मॅनेजर. त्यांनी आधी दोन दिवसांचा कुठलासा कोर्स केला आणि घरी येऊन मला विचारलं, आपल्या धंद्याचा मूळ हेतू काय? मी म्हटलं, पीठ. ते त्यांना फारच बाळबोध वाटलं.

आठवडाभर वहीत बाण काढून झाल्यावर हेतू सापडला: लोकांचा वेळ वाचवणे! म्हणून नवी पद्धत. धान्य द्या, तेवढंच तयार पीठ लगेच घेऊन जा, तुमचं धान्य आम्ही मागाहून दळू. अहो, आपला गहू टाकून परक्याचं पीठ कोण नेईल, असं मी म्हणून पाहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्याकडे बैल म्हणजे मी, आणि मला तर रिकामं बसायचीही सोय नव्हती.

तिसऱ्याच दिवशी एक मावशी डबाभर तांदूळ घेऊन आल्या. मूळच्या उरणकडच्या, आता इथे लेकाच्या फ्लॅटवर राहणाऱ्या. डबा ठेवून त्या भाजी आणायला गेल्या. तेवढ्यात ह्यांनी त्यांचे तांदूळ आमच्या तांदळाच्या पिंपात ओतले आणि डबा तयार पिठाने भरून, झाकण लावून, हसतमुखाने उभे राहिले. मावशींनी येऊन झाकण उघडलं. पांढरंशुभ्र पीठ पाहिलं आणि मटकन पायरीवरच बसल्या.

"शेत गेलं रं भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याचा येवढाच तांदूल ऱ्हायलेला. पोरीच्या हलदीला याचीच भाकर करायची व्हती."

ह्यांचा चेहरा असा उतरला की माझी चेष्टा जिभेवरच राहिली.

नशीब, तो राता तांदूळ होता, जाड आणि लालसर, आणि पिंपात वरच्या वर होता. वाटीने उपसून परातीत घेतला आणि दुकान अर्धं बंद करून आम्ही तिघं निवडायला बसलो. जन्मात कधी घरी तांदूळ न निवडलेला माणूस चष्मा नाकावर ओढून एकेक लाल दाणा वेचत होता. मावशी मध्येच ह्यांनी वेचलेल्यातला पांढरा दाणा उचलून बाजूला टाकायच्या. दुपार झाली. गिऱ्हाईकं येऊन परत गेली, पण वेळेबद्दल ह्यांनी चकार शब्द काढला नाही.

मग दळण लावलं. मावशी गिरणीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पहिलं गरम पीठ त्यांनी मुठीत धरलं, हुंगलं आणि मान डोलावली. ह्यांनी डबा स्वतः भरून दिला. म्हणाले, मावशी, पुढच्या वर्षी आणाल तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर दळीन.

मावशींनी डबा कमरेवर घेतला.

"फुडच्या वरसाला इकतचा आनीन," त्या म्हणाल्या. "तवा बदलून दिलास तरी चालंल."