मधल्या बाई

नगरपालिकेत त्यांना सगळे ‘मधल्या बाई’ म्हणत. खरा हुद्दा वेगळा आणि चांगला लांबलचक होता, पण तो फक्त दारावरच्या पाटीला माहीत. रस्ते नगरपालिकेचे, बसगाड्या प्रदेश परिवहनच्या आणि रेल्वे थेट राजधानीची. या तिघांचं एकमेकांशी जमवून आणायचं, हे बाईंचं काम. लग्नं जुळवणाऱ्यांना निदान जेवण तरी मिळतं, असं त्यांचे साहेब म्हणायचे. साहेब म्हणजे नगरपालिकेचे मुख्य अभियंते. निवृत्तीला आलेले, त्यामुळे कुठलीच गोष्ट अंगाला लावून न घेणारे.

त्या वर्षी काम निघालं होतं स्टेशनच्या मागच्या दाराचं. स्टेशनचं तोंड जुन्या शहराकडे आणि नवी वस्ती सगळी पाठीमागे वाढलेली. तिकडच्या लोकांना गाडी डोळ्यांसमोर उभी दिसायची, पण ती पकडायला भला मोठा वळसा. मागच्या भिंतीत दार पाडावं, दारापर्यंत बस यावी, बससाठी रस्ता नीट व्हावा, इतकीच मागणी. रेल्वे म्हणे, बस येणार असेल तर दार पाडू. परिवहन म्हणे, रस्ता असेल तर बस आणू. नगरपालिका म्हणे, दार होणार असेल तर रस्ता करू. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि भिंत आपल्या जागी होती.

अशा वेळी बाईंची एक रीत होती. प्रत्येकाला कळवायचं, की बाकीच्या दोघांची तत्त्वतः संमती आहे. ती नसायची. पण असं ऐकल्यावर अडवून धरणारे आपण एकटेच दिसू नये म्हणून प्रत्येक जण संमती द्यायचा, आणि मग ती असायची. शहरातले कितीतरी रस्ते आणि थांबे या ‘तत्त्वतः’वर उभे होते. साहेबांना हे ठाऊक होतं. इतर दोघांनाही असावं. कोणी विचारत नसे.

या वेळी फरक इतकाच, की रस्त्यावर भिंतीच्या कोपऱ्याला शिवणकामाचं एक दुकान होतं आणि ते बाईंच्या धाकट्या जावेचं होतं.

दोघी एकाच घरात राहत. बाई खाली, धाकटी वर. धाकटीचा नवरा फिरतीच्या नोकरीवर. दुकान तिने एकटीने उभं केलं होतं आणि ते गेलं तर त्या भावात दुसरी जागा मिळणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“ताई, आमचं दुकान तेवढं बघा हं,” धाकटी जिन्यावरूनच म्हणाली.

“मी काय बघणार? ते नकाशात ठरतं.”

“नकाशा तुम्हीच काढता ना?”

“मी कशाला काढतेय! मी नुसती तो फिरवते. या टेबलावरून त्या टेबलावर.”

“मग फिरवता फिरवता जरा सरकवा.”

बाईंनी तो खरंच सरकवायला घेतला होता. बस ज्या रस्त्याने आली त्याच रस्त्याने परत गेली, तर दोन बस शेजारून जातील इतकी रुंदी लागणार आणि दुकान जाणार. पण तीच बस आत आल्यावर रेल्वेच्या पडीक गोदामामागून फिरून पलीकडच्या गल्लीने बाहेर पडली, तर आहे तो रस्ता पुरत होता. रेल्वेने पडीक जमिनीची एक पट्टी सोडायची, परिवहनने जरा लांबचा फेरा मान्य करायचा. बाईंनी रेल्वेच्या अभियंत्याला सांगितलं, परिवहन तयार आहे. परिवहनच्या अधिकाऱ्याला सांगितलं, रेल्वे तयार आहे. दोघेही ‘बघू’ म्हणाले. बाईंच्या कामात ‘बघू’ म्हणजे निम्मं काम झालं.

मार्ग वाईट नव्हता. दुकान परक्याचं असतं तरी बाईंनी तोच सुचवला असता. इतक्या जोराने नसता सुचवला, एवढंच. दुकान कोणाचं हे मात्र त्यांनी ऑफिसात कोणालाच सांगितलं नाही. साहेबांनाही नाही.

तिन्ही खात्यांची बैठक कोणाच्याच कार्यालयात होत नसे. ज्याचं कार्यालय, इतिवृत्त लिहिणार तो, आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर कोणाचा विश्वास नाही. म्हणून संयुक्त पाहणी ठरायची, जागेवर, उभ्याने. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि सावली असलेली एकच जागा होती, शिवणकामाचं दुकान. साहेब, बाई आणि दोन्ही खात्यांचे अधिकारी असे चौघे आत शिरले. धाकटीने शिवायला आलेले कपडे उचलून स्टुलं मोकळी केली आणि चहा सांगायला गेली.

“चालतं दुकान आहे हो,” परिवहनचा अधिकारी मानेवरचा घाम पुसत म्हणाला. “पाडायचं म्हणजे जिवावर येतं.”

“पाडायला कशाला हवं?” बाईंनी कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरला. “गोदामामागून फेरा घेतला की झालं.”

“वर विचारावं लागेल,” रेल्वेचा अभियंता म्हणाला. “पण जागा पडीकच आहे म्हणा.”

“आणि परिवहनची तर तत्त्वतः—”

तेवढ्यात धाकटी चहाचे कप घेऊन आली. सगळ्यांच्या माना डोलताना बघून तिला राहवलं नाही. “घ्या ना, संकोच करू नका. घरचंच दुकान आहे. या आमच्या थोरल्या जाऊबाई.”

परिवहनच्या अधिकाऱ्याने उचललेला कप खाली ठेवला. साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

“साहेब, मार्ग बरोबरच आहे.”

“असेल. म्हणूनच म्हणतो. उद्या कोणी बोट दाखवलं, तर बरोबर असून चुकीचा ठरेल.”

बाई बाहेर जाऊन भिंतीपाशी उन्हात उभ्या राहिल्या. आत साहेबांनी रेल्वेला विचारलं, पट्टी देताय का? अभियंता म्हणाला, मी बघू म्हणालो होतो, मला वाटलं परिवहनचं पक्कं आहे. परिवहनचा अधिकारी म्हणाला, मला वाटलं रेल्वेचं. दोघेही खरं बोलले. इथे ‘तत्त्वतः’ म्हणायचं असतं हे साहेबांनी इतकी वर्षं ऐकलं होतं, पण ते त्यांचं काम नव्हतं. फेऱ्याचा विषय पुढच्या टप्प्यात घ्यावा असं ठरलं. दुकानावरून जाणाऱ्या सरळ, रुंद रस्त्याला कोणाचीच हरकत नव्हती.

संध्याकाळी धाकटी खाली आली ती थेट स्वयंपाकघरात.

“मी काय वाईट बोलले? जाऊच म्हटलं ना?”

“जाऊच म्हणालीस.”

“लोक ओळखी काढून कामं करून घेतात. आमची ओळख निघाली तर काम बिघडलं!”

“ओळख असावी. बोलून दाखवू नये.”

“मग हे मला आधी सांगायचं होतंत.”

हे बाईंना पटलं.

“खरं सांगा. मी तोंड उघडलं नसतं तर दुकान वाचलं असतं?”

“वाचलं असतं.”

“आणि तुम्ही साहेबांचं न ऐकता आत थांबला असता तर?”

बाईंनी गॅस बारीक केला. “तरी वाचलं असतं बहुतेक.”

धाकटी रडेल असं त्यांना वाटलं. ती ओट्याला टेकून पुढच्या खोलीकडे बघू लागली.

“म्हणजे निम्मी चूक तुमची,” ती म्हणाली. “मग तुमची पुढची खोली द्या.”

“कसली खोली?”

“रस्त्याला लागून आहे. दोन मशिनं बसतात. सोफा तेवढा हलवावा लागेल.”

“आणि माझ्याकडे कोणी आलं म्हणजे?”

“मागून येतील. कोण येतं एवढं तुमच्याकडे?”

भरपाई नियमाप्रमाणे मिळाली, तिच्यात नवी जागा येणं शक्य नव्हतं. दुकान उठवायच्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि मशिनची दुसरी बाजू धरली. सोफा धाकटीकडे वर जाताना जिन्यात अडकला, तेव्हा दोघी एकमेकींवर यथेच्छ ओरडल्या.

स्टेशनचं दार पुढच्या वर्षी उघडलं. साहेब तोवर निवृत्त झाले होते. समारंभात तिन्ही खात्यांनी आपल्या पुढाकाराबद्दल भाषणं केली, लोकांनी नव्या बसमध्ये चढून फोटो काढले. धाकटी गेली नाही, तिला गिऱ्हाईक होतं. बाई समारंभ आटोपून घरी आल्या, तर पुढच्या खोलीत कोणीतरी हात पसरून माप देत उभं होतं. त्यांनी चप्पल हातात घेतली आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूने आत गेल्या.