खंडोबाचा किडा आणि सुकन्याचा चिमटा

“फेक म्हणते न्हाई का ते नाकतोडं!”

“आत्याबाई, नाकतोडा न्हाई. खंडोबाचा किडा म्हणतेत ह्याला.”

“किडा पाळायला आमच्या देवाचं नाव घेतीस व्हय, लबाडे?”

“म्या ठेवलं का नाव? जुनी माणसं म्हणतेत.”

सुनेवर उगारलेलं बोट लक्ष्मीबाईंनी खाली घेतलं. घरचा देव माळेगावचा खंडोबा. त्याच्या नावाचा किडा उकिरड्यावर टाकायचा कसा? तरी पुटपुटल्याच, “पर लुळा हाय की गं.”

होताच लुळा. सुकन्या नायगावात घरीच ब्लाऊज शिवायची. मेथी निवडताना जुडीत तिला तो सापडला; बोटाच्या पेराएवढा, हिरवागार, पुढची एक नांगी मुळापासून तुटलेली. हा किडा शिकार धरतो ती हात जोडल्यासारख्या पुढच्या दोन नांग्यांनी. एकीतून माशी हटकून निसटायची. मग सुकन्यानं त्याला बरणीत ठेवलं, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि दोरे उपसायच्या चिमट्यानं त्याला माशी भरवायला लागली.

गिऱ्हाइकं चिडवायची, “माझी बाही राहू दे बाई, आधी ह्याची लाव!”

“त्याची तोच लावतंय. कात टाकली की नवी फुटती, मोबाइलवर पाहिलंय म्या.”

बोलायची ठसक्यात, पण मनातून धाकधूक. त्यात त्यानं खाणंच सोडलं. माशी पुढं नेली की तोंड फिरवायचा. एका सकाळी तो जाळीला उलटा लटकला, अंग थरथरायला लागलं.

“गेला!” लक्ष्मीबाई कळवळल्या आणि देवघरातून मूठभर भंडारा घेऊन आल्या. “देवाच्या नावाचा हाय, तसाच कसा जाऊ देऊ?”

सुकन्यानं झपकन त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट! नांदायला आल्यापासून पहिल्यांदाच.

“टाकू नका! कात टाकून राहिलाय तो. ओल्या अंगाला चिकटंल, मरंल.”

“भंडाऱ्यानं कुणी मरतंय का? सोड!”

“न्हाई सोडत.”

दोघी तशाच उभ्या. मुठीतून हळद फरशीवर गळत होती. तेवढ्यात किड्याची पाठ उकलली. डोकं आलं, एक नांगी आली... आणि तिच्या शेजारी दुसरी! फिकट, काडीएवढी बारीक, पण काट्याकाट्यांची, पुरी नांगी.

“फुटली! आत्याबाई, फुटली!”

लक्ष्मीबाईंनी सुनेला ओढत अंगणात नेलं आणि सगळा भंडारा तिच्याच डोक्यावर उधळला. “येळकोट येळकोट, जय मल्हार!” गल्लीतली दारं धडाधड उघडली. पिवळीजर्द सुकन्या हसत होती, रडत होती, शिंकत होती.

नवी नांगी टणक झाल्यावर तिनं चिमटा बाजूला ठेवला आणि बरणीत जिती माशी सोडली. किडा डुलला, थबकला... झप! माशी दोन्ही नांग्यांत.

“बघितलं का? आता स्वतःच धरतंय! पर ह्याला रोज जित्या माशा आणायच्या कुठून?”

लक्ष्मीबाईंनी पदर खोचला, फळीवरचा रिकामा डबा काढला.

“कुठं निघालात, आत्याबाई?”

लक्ष्मीबाई म्हशीच्या गोठ्याकडं तरातरा चालू लागल्या.