गाडीआत्याची काळीपिवळी

ठोकळ्यांचा नवा डबा घरात आला की गाडीआत्या सगळ्यात आधी त्यातलं माहितीपुस्तक बाहेर काढायची. कोणता ठोकळा कुठं बसवायचा ते चित्रांसकट सांगणारं गुळगुळीत पुस्तक. आत्या त्याच्या चार घड्या घालायची आणि आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारायची. टेबल हलेनासं झालं की म्हणायची, "झालं ह्याचं काम. आता आपलं." डब्यावरच्या चित्राकडं तर ती बघायचीही नाही. "ही गाडी त्येंनी केलीया, चांगली केलीया. मग म्या तीच परत कशाला करू?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती आमच्याकडं कळंबला आली ती सामानापेक्षा अटीच जास्त घेऊन. माडीवरची खोली माझी, आणि मला विचारल्याशिवाय तिथं कुणी झाडू मारायचा नाही. त्या वेळी या अटीचा अर्थ आम्हाला कळला नव्हता. पुढं एकदा माझ्या बायकोनं न विचारता झाडू मारला आणि एका ट्रॅक्टरचा गिअर केरात गेला, तेव्हा कळला.

ठोकळे मुळात माझ्या मुलाचे. एकमेकांत टचकन बसणारे प्लास्टिकचे रंगीत ठोकळे, चाकं, बारीक दांडे. तो शिकायला पुण्याला गेला तेव्हा मी ते पोतं भंगारवाल्यापुढं ठेवलं होतं. आत्यानं जिना उतरून ते तराजूतून उचललं आणि वर नेलं. साठी उलटलेली बाई खेळणी घेऊन काय करणार, असं मला वाटलं. याच ठोकळ्यांची, पुस्तक बघून, एक गाडी मीही केली होती. ती फक्त डावीकडं वळायची. त्यामुळं खरं तर मी काही बोलायलाच नको होतं, पण बोललो. आत्या म्हणाली, "दिलप्या, तुझी गाडी बघितलीया म्या. तू गप बस."

आठवड्याभरात ट्रॅक्टर उभा राहिला. मग उसाचा टेम्पो, मग पाण्याचा टँकर. पुढं मुलगाही सुट्टीला येताना एखादा नवा डबा आणू लागला. आत्या आपल्या रस्त्यावर दिसणारीच वाहनं करायची. बरोबर रंगाचे ठोकळे नसत; मग टेम्पोला एक दार लाल आणि एक निळं. दादा म्हणाले, "आक्का, रंग तरी जुळव." आत्या म्हणाली, "ठोकलेल्या गाडीला आपल्याकडं कोण रंग जुळवून दार बसवतंय, सांग की." दादांनी विचार केला. आमच्या स्वतःच्या पिकअपचं दारही तसंच होतं.

तिची परीक्षा मात्र कडक होती. परातीत हरभरे पसरायचे आणि गाडी या काठापासून त्या काठापर्यंत ढकलायची. अडली, उलटली, चाक निखळलं, की गाडी परत टेबलावर आणि तिचे सगळे अवयव सुटे. "हरभऱ्यातनं निघाली तर गाडी, न्हायतर शोकेस," असं म्हणायची. निघाली तरी सुटका नव्हतीच. दुसऱ्या दिवशी तिला काही नवं सुचायचं आणि चांगली चालती गाडी ती पुन्हा सोडवायला घ्यायची. आम्हाला हळहळ वाटायची. तिला कधीच नाही.

दादांना या सगळ्याची लाज वाटायची. घराखालीच आमची धान्याची आडत; तिथं लोक विचारायचे, तुमची आक्का अजून खेळायलीय का म्हणून. एकदा ते वैतागून म्हणाले, "आक्का, लोक हसायलेत."

"हसू दे. माझ्या वयाच्या बाईनं काय करायचं असतंय ते त्येंनाच ठाव हाय म्हणं. मग त्येंनीच करावं ते."

काळीपिवळी तिनं कितीतरी महिने केली. आमच्याकडं खेड्यापाड्यांना माणसं भरून जाते ती वडापची जीप. मागं शिडी, टपावर कॅरेज, आत कोंबून बसवलेली प्लास्टिकची माणसं. सगळं हुबेहूब झालं, तरी आत्याचं समाधान होईना. मग एक दिवस तिनं स्टेअरिंग काढून उजवीकडं दाराला टेकवलं आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकवला. "आपल्या शीटवर दोन गिऱ्हाइकं बसवून ह्यो दारात बसतोय. आत बसला की ती गाडी खोटी." ती गाडी बघून मी इतका हसलो, की खालच्या आडतीतला हमाल वर येऊन बघून गेला.

याच काळीपिवळीचा फोटो दाजींनी काढला. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, लातूरला असतात. मनानं फार चांगले, आणि प्रत्येक गोष्ट कायमची व्हावी असं वाटणारे. त्यांच्या मोटारीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. त्यांनी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. जी मंडळी इतके दिवस हसत होती, त्यांनाच अचानक आत्याचा अभिमान वाटू लागला. धाराशिवला हौशी लोकांचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं. दाजींनी परस्पर नाव दिलं आणि दादांना फोन केला, "तिथं पोरं हात लावतील, गाडी सुटेल. चिकटवून टाका."

जावयाचा शब्द दादांनी आजवर मोडलेला नव्हता. आत्या तेव्हा शेजारणींबरोबर सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेली होती. घरात डिंक नव्हता. शेतातल्या पाइपलाइनचा जोड बसवायचं सोल्युशन होतं. डबा उघडला की घरभर वास सुटतो ते. दादांचा हिशेब साधा होता. जे विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याचा दाब धरतं, त्याच्यापुढं या ठोकळ्यांची काय बिशाद! त्यांनी एकेक सांधा बारकाईनं, ब्रशनं रंगवला. इतकं मन लावून त्यांनी स्वतःची पाइपलाइनही जोडली नसेल.

आत्या सोनारीहून आली ती पिशवी हातात तशीच ठेवून माडीवर गेली. एसटीच्या पुढं वाटभर एक खरी काळीपिवळी होती म्हणे, आणि तिला दिसलं होतं, की भरलेली जीप मागून बसते आणि तिचं नाक वर येतं. "ते इसरलेच की म्या. मागच्या चाकांचा कणा बदलाया पायजे." तिनं टप धरून ओढला. निघेना. दुसऱ्या बाजूनं ओढला. निघेना. दादा मागं उभे होते, शाबासकीची वाट बघत.

"आक्का, आता जन्मात सुटत न्हाय. सोल्युशन लावलंय."

"कसलं?"

"पायपाचं."

आत्यानं गाडी नाकाजवळ नेली, वास घेतला आणि हळूच खाली ठेवली. दादांना म्हणाली, "बापू, ही गाडी न्हाय ऱ्हायली. ह्यो पाईप झाला."

"अगं, पण कायमची झाली की!"

"व्हय. म्हणूनच."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर दादांना बरं वाटलं असतं. काळे-पिवळे ठोकळे सगळे त्या गाडीत अडकले होते, चाकंही. आत्यानं ट्रॅक्टर सोडवला, टँकर सोडवला आणि उरल्यासुरल्यातून दुसरी जीप करायला घेतली. लाल, हिरवी, पांढरी, आणि मागची चाकं पुढच्यांच्या दुप्पट.

प्रदर्शनात पांढऱ्या चादरीच्या टेबलावर दादांनी चिकटवलेली गाडी ठेवली. आत्यानं ती उचलली, टेबलाखाली सारली, पिशवीतून अर्धवट जीप काढली आणि खुर्ची ओढून कामाला बसली. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला. "आजी, मांडलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"माझीच हाय, बाळा."

"तरी नियम आहे."

"मग जीप खाली ठिव आणि मला बसव टेबलावर. मला कुणी हात न्हाय लावणार."

तो गेला तो परत आला नाही. दिवसभर आत्याच्या टेबलाशी गर्दी. सास्तूरकडचा एक जीपवाला म्हणाला, "आजी, मागची बाकं समोरासमोर असत्यात." आत्यानं बाकं उपटून फिरवली. कुणी म्हणालं आरसा कुठंय, कुणी म्हणालं टपावर कोंबड्यांची पाटी पाहिजे. तिनं सगळ्यांचं ऐकलं, निम्मं केलं आणि निम्म्यांना वेड्यात काढलं. संध्याकाळी परीक्षक आले. त्यांनी नम्रपणे विचारलं, "पूर्ण झालेली कलाकृती कुठं आहे?"

"कळंबच्या रोडवर एक पूर्ण झालेली जीप दावा मला," आत्या म्हणाली, "लगेच ही पुरी करते."

बक्षीस पितळी समईला मिळालं. परत येताना एसटीत दादा चिकटवलेली गाडी मांडीवर घेऊन बसले होते. "मिळालं असतं, आक्का," एवढंच म्हणाले. आत्या खिडकीबाहेर बघत होती. कणा बदलूनही जीपचं नाक वर येईना, तिला त्याची काळजी. त्या चिकटवलेल्या गाडीचा उपयोग पुढं माडीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून झाला.

गेल्या थंडीत आत्या गेली. फार आजारी पडली नाही, आणि पडली तेही डॉक्टरांनी सांगितलेलं काही न ऐकता. टेबलावर जीप उघडी पडली होती, टप बाजूला, मागचा कणा पुन्हा नव्यानं बसवलेला.

तेराव्याला सगळे जमले. जेवणं झाल्यावर दाजी माडीवर आले, जीपपुढं बराच वेळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "दादा, ही शेवटची. ही तरी जपू या. काचेच्या पेटीत, फोटोशेजारी. मी चांगला डिंक आणलाय, ह्या वेळी वास येणार नाही."

सगळे दादांकडं बघू लागले. दादा उठले, टेबलाशी गेले आणि त्यांनी जीपचं मागचं चाक धरून कचकन ओढून काढलं. मग ते सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"पाव्हणं, हात लावू नका," ते म्हणाले. "आक्काची गाडी अजून व्हायची हाय."

आता ते चाक परत बसवणं आम्हा बापलेकांना जमत नाही, हे खरं. रोज संध्याकाळी आम्ही माडीवर बसतो, भांडतो आणि चांगल्या जीपचं वाटोळं करतो. कणा तर तिसऱ्यांदा वाकडा बसलाय. काल दादांनी टप उलटा चढवला, शिडी पुढं आली. मी म्हटलं, "दादा, असा टप जगात कुठल्या गाडीला नसतो."

चष्मा नाकावर सरकवत ते म्हणाले, "नसू दे."