पाणी धरणारं मैदान

महिपती गावंडाला पेणच्या बाहेरच्या त्या विद्यापीठात सगळे 'मैदानवाले दादा' म्हणत, आणि गंमत अशी की विद्यापीठाला धड मैदानच नव्हतं. होतं ते एक खडबडीत पटांगण, त्यातही अर्ध्यात गाड्या लागायच्या. फुटबॉलचे सामने खेळायला पोरंपोरी बसनं रोह्याला जात. चेंडूंची जाळी, चुन्याची गोणी आणि महिपती असं सगळं सामान मागच्या सीटवर. तिथं भाड्याच्या मैदानावर रेषा मारायच्या, जाळ्या बांधायच्या, आणि सामना संपला की सगळं सोडून परत बसमध्ये भरायचं. नऊ वर्षं तो हे करत होता, तेही ठेकेदाराच्या हजेरीवर.

त्याआधीची पंचवीस वर्षं मिठागरात गेली. बाप मिठागरातला, आजा मिठागरातला. मिठागर बंद पडलं तेव्हा गावातली निम्मी माणसं डोलवीला पोलादाच्या कंपनीत लागली. महिपतीही गेला आणि दोन महिन्यांत परत आला. पत्र्याखाली जीव घुसमटतो म्हणाला. त्यावर त्याच्या बायकोनं, काशीबाईनं, त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण माणूस खरंच उघड्यावरचा. पायाखाली माती असली की त्याला बरं वाटे, आणि आपल्याला दुसरं काही येत नसलं तरी माती कळते, एवढा एक ताठा त्यानं जपला होता.

यंदा दिवाळीनंतर विद्यापीठात एकच वाद पेटला. आवारात आपलं स्वतःचं फुटबॉल स्टेडियम बांधायचं की नाही?

खेळ विभागाचे सुशील सर म्हणत, बांधायलाच हवं. रोह्याहून परतायला अंधार पडतो, म्हणून मुली संघ सोडून जातात. इकरासारखी गोलकीपर गेली. तिची आई सुरैय्या काही खेळाच्या विरोधात नव्हती, पण पोरगी यायला उशीर झाला की बिचारी रस्त्यावर येऊन उभी राही. शेवटी इकरानंच बूट परत आणून दिले. उलट अर्थशास्त्राच्या अनिता मॅडम विचारत, रोह्याचं मैदान आठवड्यातले पाच दिवस रिकामं असतं, आपल्या वसतिगृहात पाणी एक दिवसाआड येतं, मग आधी काय बांधायचं? खरं सांगायचं तर दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. त्यात कुणीतरी काडी टाकली की जमीन खाडीच्या अंगाची, चिकट, तिथं पाणी तुंबणार.

मग कुलगुरूंनी तोडगा काढला. आधी दहा पावलं बाय दहा पावलं असा नमुन्याचा तुकडा तयार करा. त्यावर टँकरभर पाणी सोडा. अर्ध्या तासात पाणी उतरलं तर पुढचं बोलू, नाहीतर विषय बंद.

"दादा, तुकडा तुम्ही करायचा," सुशील सर महिपतीला म्हणाले. "माती ओळखणारा माणूस आपल्याकडे आहे, असं मी कुलगुरूंना सांगितलंय. स्टेडियम झालं की मैदानाचे मुख्य तुम्ही. कायम, कागदावर."

कायम हा शब्द महिपतीनं घरी येऊन काशीबाईला तीन वेळा सांगितला.

पुण्याच्या इंजिनिअरनं नकाशा दिला होता. खाली खडी, वर वाळू, त्यावर वाळू मिसळलेली माती, आणि ती माती सैल ठेवायची. सरांनी हे सगळं नीट समजावलं आणि ते संघ घेऊन चार दिवस स्पर्धेला गेले. महिपतीनं खडी टाकली, वाळू टाकली, माती पसरली. सगळं नकाशाबरहुकूम. पण संध्याकाळी तो कडेला उभा राहिला आणि ती भुसभुशीत माती त्याला बघवेना. सैल माती म्हणजे आळशाचं काम. मिठागरात बापानं या एका गोष्टीवरून त्याच्या पाठीत किती धपाटे घातले असतील! सरांनी सैल म्हटलं, ते कागदाला बरं म्हणून. काम कसं करायचं ते ज्याचं त्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यानं गावातल्या चार बाया बोलावल्या, मिठागरात त्याच्याबरोबर राबलेल्या. माती ओलवली. पाचही जणं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून अनवाणी रांगेत उभी राहिली आणि टाचा रोवत, एका पावलाची जागा न सोडता, तुकडा तुडवत गेली. मग फळीनं चोपला. दोन दिवसांनी जमीन अशी झाली की वर वाटी ठेवली तरी कलू नये. वर त्यानं पातळ थर भुरभुरवला, शोभेला. सर परत आले, बघितलं आणि म्हणाले, "वा दादा!"

चाचणीच्या दिवशी सकाळी अकराला सगळे जमले. कुलगुरू, कुलसचिव, अनिता मॅडम, पुण्याचा इंजिनिअर, दहाबारा प्राध्यापक. टँकरनं पाणी सोडलं. सरांनी घड्याळ लावलं.

दहा मिनिटं झाली, पाणी होतं तिथंच. वीस मिनिटं झाली. पाण्यात आभाळ दिसायला लागलं. आणि महिपतीच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? काय झकास धरलंय पाणी! छाती भरून आली त्याची. एवढा चांगला मिठाचा वाफा त्याच्या हातून कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्याच क्षणी त्याला आठवलं.

पाणी धरायचं नव्हतं. पाणी जायला हवं होतं.

अर्धा तास संपला. इंजिनिअर मान हलवत म्हणाला, "जमिनीचा गुणधर्म. काय करणार?" अनिता मॅडमना बोलायची गरजही उरली नव्हती. कुलगुरूंनी सांगितलं, "तीनला बैठक. आज विषय संपवून टाकू." सुशील सर पाण्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा महिपतीला बघवला नाही.

तो जेवायला घरी गेला. ताटात भाकरी तशीच.

"काय झालंय तुमाला?" काशीबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

तिनं भाकरीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "कोनाला कललंय?"

"कोनाला नाय."

"मग गप र्‍हावा. जमीन वाईट निघाली, त्यात तुमचं काय? हाय ती हजेरी तरी चालेल. सांगितलंव तर तीबी जाईल."

"सरांनी माझ्या नावावर शब्द दिलाय गो."

"सर जेवन घालनार हायत?"

तिचंही खरं होतं. गप्प बसलं तर स्टेडियम जाणार, पण रोह्याची बस आणि हजेरी राहणार, आणि मातीतला माणूस हे नावही राहणार. बोललं तर सगळ्यांदेखत कबूल करायचं की जे एकच येतं म्हणून मिरवलं, त्यातच माती खाल्ली. तो सायकलवरून परत निघाला. दोनदा तो उतरला. एकदा तर सायकल गावाकडे वळवलीसुद्धा.

तीन वाजून गेले होते. बैठकीच्या दारातल्या शिपायानं अडवलं, तरी तो आत शिरला. सगळ्या माना वळल्या.

"साहेब, जमिनीत दोष नाय," तो म्हणाला. "मी ती तुडवलीय."

"म्हणजे?" कुलगुरूंनी विचारलं.

"मिठागरात तुडवतात तशी. पानी धरावं म्हनून."

"पण का?" हे अनिता मॅडमनी विचारलं.

"सवयीनं. सरांनी सैल ठेवायला सांगितलं व्हतं. मना सैल बघवली नाय."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. सुशील सर नाही हसले. "दादा, मी तीनदा समजावलं होतं," ते म्हणाले.

"व्हय."

सगळे परत तुकड्यावर गेले. पाणी अजून तसंच, लखलखत. महिपती टिकाव घेऊन त्यात उतरला. पहिला घाव, दुसरा घाव, काही नाही. आपलं चुकलं नसेलच, जमीनच तशी असेल, असंही त्याला क्षणभर वाटलं आणि नाही म्हटलं तरी बरं वाटलं. पाचव्या घावाला तुडवलेला थर फुटला. बुडबुडे आले, आणि पाणी त्या भोकात घुसून दिसेनासं व्हायला लागलं. इंजिनिअरनं भोकाच्या कडेनं हात घालून थराखालची वाळू मूठभर वर काढली. पाणी अजून न पोचलेली ती वाळू कोरडी ठणठणीत होती, म्हणजे पाणी वरच्या थरानंच अडवलं होतं.

बैठक पुन्हा बसली. महिपती बाहेर बाकावर. दार अर्धवट उघडं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. अनिता मॅडमनी आपलं मत बदललं नाही. जमीन पास झाली म्हणून गरज पास होत नाही, असं त्या म्हणाल्या आणि विरोधात हात वर केला. तरी दोन मतांनी स्टेडियम मंजूर झालं. टाळ्या झाल्या. बाहेर बसल्या बसल्या महिपतीनंही दोन टाळ्या वाजवल्या.

मग कुलसचिवांनी विचारलं, मैदानाच्या देखभालीचं काय?

सुशील सरच बोलले, हळू आवाजात. "पुण्याच्या कंपनीकडेच द्यावं. या कामाला शिकलेला माणूस हवा. दादांना आपण गेटवर घेऊ."

घरी पोचला तेव्हा काशीबाई अंगणात वाट बघत होती.

"काय झालं?"

"मैदान व्हनार," महिपती म्हणाला.

"आनि तुमी?"

त्यानं सायकल भिंतीला टेकवली, बादलीत पाणी घेतलं आणि पाय धुवायला बसला. पायावरचा चिखल कधीच वाळून गेला होता. तरी तो टाचा घासत राहिला.

"इकराची आय आता रस्त्यावर उभी नाय र्‍हायची," तो म्हणाला.

"मी तुमचं इचारतेय."

"मैदान व्हनार गो," तो पुन्हा म्हणाला, आणि काशीबाई दुपारची तशीच राहिलेली भाकरी गरम करायला आत गेली.