दोन्हीकडे पाय टाकून

माझ्या स्कूटरला पुण्यातले माझे नातेवाईक स्कूटर मानत नाहीत. फोटो पाठवला तेव्हा मावशीने विचारलं, "हे काय, चाकं लावलेला सोफा?" मामा म्हणाला, "चाळिशी उलटली की लोक योगासनं करतात." करत असतील. पण योगासनांना वारा अडवायला पुढे काच नसते, सीटखाली आठवड्याची भाजी मावेल एवढा खड्डा नसतो, आणि ती करत करत मलेशियाला जाऊन येता येत नाही.

गाडी मधल्या आकाराची आहे. म्हणजे मोटरसायकलवाले तिला आपल्यातली समजत नाहीत आणि लहान स्कूटरवाले तिला बिचकून वाट देतात. गिअर नाहीत, अंग भरलेलं, आवाज समंजस. मागची सीट पुढच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. सिंगापूरला आंग मो किओतल्या भाड्याच्या फ्लॅटपासून क्वीन्सटाउनच्या ऑफिसपर्यंत मी रोज तिच्यावरून जाते, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक एसीत बसून माझ्याकडे बघतात तेव्हा मला त्यांची मनापासून कीव येते.

तिचा परवाना काढताना मात्र माझा पुणेरी माज पुरता उतरला होता. आधी लहान गाडीची परीक्षा द्या, मग वर्षभर दम धरा, मग मधल्या गाडीची परीक्षा. कॉलेजपासून दुचाकी चालवणारी मी पहिल्याच परीक्षेत नापास झाले, कारण अरुंद फळीवरून गाडी नेताना मी सवयीने पाय टेकला. पुण्यात पाय हा गाडीचा तिसरा ब्रेक असतो. इथे तो टेकला की सरळ घरी जायचं. मी घरी गेले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. इथे मी एकटीच राहते, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी आई आली. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटी असते. खूप मिनतवाऱ्या करून मी तिला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं, आणि दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "माझं तिकीट बदल. मला इथे करमत नाही."

करमणार कसं? इथले सरकते जिने असे धावतात की आई पहिल्या पायरीशी पाय उचलायची, परत ठेवायची, आणि मागे रांग लागायची. लिफ्टने एमआरटीत नेलं, तर म्हणाली, "जमिनीखालून जायचं, मग बघायचं काय, काळोख?" बसमध्ये तिला मळमळायचं. टॅक्सीत बसपेक्षा जास्त. दुपारी ऑफिसातून फोन करून काय करतेस विचारलं की रोज एकच उत्तर यायचं. "बसलेय." मला वाईट वाटायचं. आणि वाईट वाटलं की मी चिडते, हा आमच्या घराण्याचा जुनाच रोग आहे.

पुण्याला जाऊन ती काय करणार होती? तिथेही बसणारच होती, फक्त मला दिसली नसती. आणि एकदा अशी उठून गेली की ही बाई पुन्हा सिंगापूरला पाऊल ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ती हवी होती. सकाळी माझ्याआधी उठून भांडी वाजवणारी, माझ्या कॉफीला काळं पाणी म्हणणारी, तशी हवी होती.

म्हणून एका रविवारी मी तिला खाली कारपार्कमध्ये स्कूटर दाखवायला नेलं. आईने गाडीभोवती एक चक्कर मारली. काचेवर टिचकी मारली. पदराच्या टोकातून कुंकवाची पुडी काढून हॅन्डलखाली बोट टेकवलं. ही पुडी तिने बरोबर आणली होती, म्हणजे गाडीचा विचार तिच्याही डोक्यात असणार. मी गाडीवर बसले मात्र, मागून तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर पडला आणि आई एका उडीत सीटवर. दोन्ही पाय डावीकडे, पदर मांडीवर, पिशवी कुशीत. सत्तरीची बाई, पण उडी कशी, तर फांदीवर बसणाऱ्या चिमणीची.

"चल," ती म्हणाली. तिच्या आवाजात दोन आठवड्यांत पहिल्यांदा जीव आला होता.

तेवढ्यात शेजारच्या जागेत आपली टॅक्सी धुणारे चिनी अंकल हातातलं फडकं टाकून धावत आले. "आंटी, कॅनॉट सिट लाइक दॅट लाह! पोलीस विल कॅच!"

"हा काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"इथे असं एका बाजूला बसायला बंदी आहे. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं."

"बसण्यावर कायदा?"

"हो."

"चाळीस वर्षं अशी बसलेय. एकदा पडले नाही."

"सिंहगड रोडला पडली होतीस."

"तेव्हा तुझे बाबा पडले. मी उतरले."

चूक माझीच होती. मला नियम तोंडपाठ होता, परीक्षेत आलाही होता. पण साडी नेसलेली आई मागे बसते तेव्हा ती एका बाजूलाच बसते, हे माझ्या डोक्यात इतकं मुरलेलं की दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. मी तिला पंजाबी ड्रेस घे म्हणाले. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला पोहण्याचा पोशाख सुचवला होता.

"आयुष्यात घातला नाही, आता परदेशात येऊन घालू?"

"पण इथे तुला ओळखतंय कोण?"

"मी ओळखते ना मला," आई म्हणाली आणि गाडीवरून उतरली.

लिफ्टमध्ये आमचं वाजलं. तुझ्यासाठी किती करायचं, मी म्हणाले. मी कुठे कर म्हटलं, ती म्हणाली. शेवटी मी बोलून बसले, "ठीक आहे, पुढच्या रविवारी तुझं तिकीट बदलते." ती म्हणाली, "बदल." त्यानंतर आठवडाभर आम्ही मीठ, पाणी आणि हवामान यांवर तेवढं बोललो. पोळ्या मात्र रोज मऊसूत झाल्या. आई भांडण पोळ्यांवर काढत नाही.

शनिवारी सकाळी मी चहा घेत होते तर ती खोलीतून बाहेर आली, आणि माझा कप ओठांपाशीच थांबला. अंगावर तिची नेहमीची जांभळी सुती साडी. पण काष्टा घातलेला. सहावारीचा! साडी घोट्यांच्या बरीच वर संपत होती आणि तिथून खाली माझ्या व्यायामाच्या काळ्या लेगिंग्ज सुरू होत होत्या.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "काष्टा घालून बायका घोड्यावर बसत होत्या. तुझा सोफा काय मोठा लागून गेला?"

"सहावारीत काष्टा बसतो?"

"बुटक्या बाईचा बसतो."

मी हसले नाही. हसले असते तर ती पुन्हा खोलीत गेली असती. मी फक्त हेल्मेट पुढे केलं. ते अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिने तिथेच अंबाडा सोडून वेणी घातली आणि पदर कमरेला घट्ट खोचून वरून माझं जॅकेट चढवलं. आरशात बघून म्हणाली, "शोभतंय तसं."

खाली अंकल टॅक्सीची चाकं धूत बसले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, काष्ट्याकडे पाहिलं, थोडा विचार केला. "लाइक दॅट कॅन," त्यांनी निकाल दिला. एका बाजूला बसणं आणि पाय पलीकडे टाकणं यांत मात्र फरक होता. पहिल्या खेपेला आईचा गुडघा सीटला आपटला, दुसऱ्या खेपेला ती माझ्यासकट कलंडणार होती. तेव्हा अंकलनी आपलं बसायचं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल उचलून गाडीशेजारी ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ती पाठ बघून माझ्या मनात आलं, पुढच्या दिवाळीला यांना फराळ द्यायचाच. आई स्टुलावर चढली, "गजानना" म्हणाली, आणि बसली.

पहिली काही मिनिटं तिने माझ्या कमरेला अशी मिठी मारली होती की श्वास घेणं ही चैन झाली. थॉमसन रोडवर आल्यावर हात सैल झाले. बुकित तिमाहच्या रस्त्याला लागलो तेव्हा एक हात सुटलासुद्धा, कारण तो आता माझ्या हेल्मेटवर टकटक करत होता.

"पुढे बस थांबतेय."

"दिसतंय आई."

"लाल होईल आता तो सिग्नल."

"दिसतंय ग."

"ती पांढरी गाडी आत घुसणार बघ."

पांढरी गाडी खरोखर घुसली. आईला जिंकल्याचा कोण आनंद झाला! बाबांच्या मागे बसून तिने जन्मात अशी सूचना दिल्याचं मला आठवत नव्हतं. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं माझ्याच वाट्याला आलं की काय, असं वाटलं. झाडं दोन्हीकडून रस्त्यावर वाकलेली, मध्ये कालवा, आणि मागून अखंड समालोचन.

परतताना हायवेवर पाऊस आला. इथला पाऊस आधी सांगत नाही, थेट अंगावर येतो. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे दुचाकीवाले पुढच्या पुलाखाली शिरले. तिथे त्यांच्यासाठी रंगाने जागाच आखलेली असते. आम्हीही शिरलो. जेवणाच्या पेट्या पोचवणारे दोघं, कामावर निघालेलं एक मलय जोडपं, आणि काष्टा घातलेली आमची आई. सीटखाली मी रेनकोट ठेवते, असा माझा समज होता. सीट उघडली तर त्या जागी आईने गुपचूप ठेवलेला चिवड्याचा डबा. आईने तो सगळ्यांपुढे फिरवला. भाषा कोणालाच कोणाची कळत नव्हती, पण शेंगदाणे वेचून खाणारा पेटीवाला तिने हातवारे करून असा दटावला की त्याने पुढचा घास मुकाट्याने मुरमुऱ्यांसकट घेतला.

डब्याला झाकण लावताना मी तिला छेडलं, "बाबांना नाही कधी असा सिग्नल दाखवलास."

"मला दिसायचा कुठे?" आई म्हणाली. "डावीकडे तोंड करून बसलेली मी. दुकानं, भिंती, लोकांचे बोर्ड, ते सगळं दिसायचं. समोरचं काही दिसायचं नाही. तुझे बाबा मधेच हसायचे. त्यांचे खांदे हलायचे, त्यावरून मला कळायचं. मी विचारायचे, काय झालं हो? म्हणायचे, गेलं ते."

तिने ओल्या वेणीचं टोक पिळलं. "दर वेळी, गेलं ते. तीही गंमतच होती म्हणा. पण चाळीस वर्षांत त्यांच्याबरोबर कशाला हसले नाही मी गाडीवर."

मी उगाच काच पुसली. बाबांच्या खांद्यावर ठेवलेला तिचा हात मी लहानपणापासून पाहत आले होते आणि मला तो फक्त तोल सावरण्यासाठी वाटायचा.

पाऊस ओसरला तशी पेटीवाले निघाले, मागोमाग आम्ही. वळण घेतलं आणि आमच्या समोर एक मोटरसायकल आली. चालवणारा गंभीर, ताठ. त्याच्या मागे सीटवर दोरीने बांधलेलं माणसाएवढं टेडी अस्वल. त्याला नीट हेल्मेट घातलेलं, पट्टासुद्धा लावलेला, आणि ते दोन्हीकडे पाय टाकून अगदी कायद्याप्रमाणे बसलेलं. अंगावर पाऊस पडून बिचारं फुगलं होतं, आणि रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला मान हलवून हो म्हणत होतं.

मी हसायला लागले. आणि नेमक्या त्याच क्षणी मागून आईचं हसू फुटलं. मी काही सांगितलं नव्हतं, तिने काही विचारलं नव्हतं. माझे खांदे हलत होते आणि पाठीला टेकलेली तीही हलत होती. अस्वल पुढच्या फाट्याला वळून दिसेनासं झालं तरी आमचं चालूच होतं.

मग तिचं हसू थांबलं. तिचं हेल्मेट माझ्या पाठीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. दोन्ही हात पुन्हा माझ्या कमरेभोवती आले.

"काय झालं ग?" मी ओरडून विचारलं.

"काही नाही," आई मागून ओरडली. "तिकीट राहू दे."